करारातले उपरे

राज्याने रक्षण करावे, प्रजेने कायदा पाळावा, हा सामाजिक कराराचा गाभा. पण ज्यांना त्या करारात पक्षकार मानलेच नाही, त्यांचे काय? हा प्रश्न वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा'त (१९५९) विचारला आहे, असे आम्हांस वाटते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस कृत्यावरून नव्हे, जन्मावरून गुन्हेगार ठरवला. त्याच्यामागे हजेरी लावली. दुष्काळात उपाशी आणि हजेरीत जखडलेला मांगवाडा बंड करतो, तेव्हा करार आधी कोणी मोडलेला असतो?

फलटण परिसरातील लक्ष्मण माने कैकाडी समाजातले. त्यांच्या आत्मकथनाचे 'उपरा' (१९८०) हे शीर्षकच कराराबाहेरच्या माणसाचे नाव आहे.

संविधान १९५० साली लागू झाले. तो कायदा मात्र १९५२ साली रद्द झाला. पुढे 'सराईत गुन्हेगार' या नावाखाली तीच नजर टिकली. तुरुंगांच्या नियमांतील जातीय भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तो थेट २०२४मध्ये.

'फकिरा' केवळ शौर्यकथा म्हणून शिकवणे म्हणूनच अपुरे आहे. कादंबरीशेजारी त्या कायद्याची कलमेही वर्गात वाचली जावीत.