नव्या सिस्टरला रात्री एकटं सोडू नका

"आजकालच्या पोरी टिकतच नाहीत हो. आमच्याकडे हात बसवून घेतात आणि पुण्याला पळतात." परभणी जिल्ह्यात मानवत, पाथरी, सेलू, कुठेही जा, खासगी दवाखाना चालवणाऱ्यांचं हे रडगाणं ठरलेलं. मला त्याची चीड येते, कारण ते धादांत खोटं आहे.

हात बसवतं कोण? तीन वर्षांचं जीएनएम नर्सिंग करून, परिचर्या परिषदेची नोंदणी घेऊन आलेल्या पोरीला लगेच नाईटला एकटी लावतात. जाणती सिस्टर सोबत नाही, डॉक्टर फोनवर. कळा देणारी बाई, संपत आलेलं सलाईन, दारू पिऊन अंगावर येणारा नातेवाईक, सगळं तिनेच बघायचं. वर तिची मूळ मार्कशीट मालकाच्या कपाटात, कारण बॉन्ड! कागदपत्रं अडकवून माणसं राखावी लागतात, तिथे दोष पोरींचा कसा?

पगाराचं तर बोलायलाच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 साली सांगितलं, की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना 20,000 रुपयांच्या खाली पगार नको. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि 2018 मध्ये सरकारला तसा आदेश काढायला लावला. आमच्याकडे "अनुभव नाही" एवढं म्हटलं की बोलणी संपतात. मोंढ्यात कापसाचा भाव पडला की अख्खं गाव बोलतं. या पोरींच्या पगारावर कुणी ब्र काढत नाही.

सरकारी दवाखान्यात जावं, तर तिथे अकरा महिन्यांचं कंत्राट. आणि विपरीत घडलं की पहिला बळी नर्सचा. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत 10 नवजात बाळं गेली, गुन्हा परिचारिकांवर. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयू जळालं, त्या दिवशी 11 रुग्ण दगावले. अटक झाली ती एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. वायरिंग त्यांनी केलं होतं का? हे पाहिलेली पोर मानवत रोडवरून मुंबईची गाडी धरते. तिने धरावीच.

तिला थांबवायचं असेल तर कागदपत्रं आजच परत करा, ठरलेला पगार द्या. पहिले सहा महिने तिची पाळी जाणत्या सिस्टरसोबतच लावा. रात्री दोघी ठेवायची ऐपत नसेल, तर पेशंट भरती करू नका. सरळ परभणीला पाठवा.