लाइट वाढली, वायरिंगचं काय?

पावसाळ्यात रात्री घाट उतरताना रस्ता दिसेनासा झाला, की ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, 'अरे, शंभर-नव्वदचा बल्ब टाक ना!' दुकानात तो सहज मिळतो, दहा मिनिटांत बसतोही. पण जरा गणित बघा.

कंपनीच्या एच-४ हॅलोजनचा हायबीम ६० वॉटचा. १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर करंट ओढतो. १०० वॉटचा सव्वाआठच्या वर. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. वायर मात्र तीच! मग होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जाते. फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकला, तर आगीलाच आमंत्रण.

रिले आणि जाड वायर टाकली, की वायरिंग वाचतं. पण बल्बची उष्णता आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारा झोत राहतोच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला ५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

गंमत म्हणजे, उजेड कमी पडण्याचं कारण अनेकदा बल्ब नसतोच. जुन्या वायरिंगमुळे बल्बपाशी व्होल्टेज १० टक्के घटलं, तर हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो. म्हणून आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करा, अर्थिंग तपासून घ्या, झोताची उंची सेट करा. रिले लावायचाच, तर कंपनीच्याच वॉटच्या बल्बला लावा. रस्ता आपल्याला दिसायला हवा, तसा समोरच्यालाही!