सावलीला हवी बॅटरीची सायकल

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे निघालं की मूलनंतर पंधराएक किलोमीटरवर सावली लागतं. तिथून व्याहाड, मग वैनगंगेचा पूल आणि पलीकडे गडचिरोली. महामार्गावरची वर्दळ डोळ्यांत भरते, पण तालुक्याचं खरं जाणंयेणं आडरस्त्यांवर चालतं. पोरी शाळेला जातात, आशाताई पाड्यावर जातात, कुणी धानाच्या बांधीवर, कुणी बाजाराला, कुणी बँकेत. यातली बरीचशी अंतरं पाच ते पंधरा किलोमीटरची. बॅटरीच्या दुचाकीला याहून सोयीचा मुलूख शोधून सापडायचा नाही. तरीही अनुदान आणि जाहिरात दोन्ही बोट दाखवतात ते मोठ्या, वेगवान स्कूटरकडे. पायडल मारायची, मोटरचा हात लागणारी साधी सायकल या हिशेबात कुठंच नाही. सावलीसारख्या तालुक्यांना आधी गरज आहे ती तिची.

स्कूटर वाईट, असा याचा अर्थ नाही. सावलीहून गडचिरोलीच्या कचेरीत रोज जाऊन येणाऱ्याचे दिवसाला पन्नासेक किलोमीटर होतात, महिन्याला साधारण साडेबाराशे. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल, तर अठ्ठावीस लिटर, म्हणजे जवळपास तीन हजार रुपये नुसतं पेट्रोल. तीन युनिटांची बॅटरी असलेली स्कूटर तेवढ्याच अंतराला पन्नासच्या आसपास युनिटं खाते. इथं एक मेख आहे, ती विक्रेता सांगत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांनंतरचा दर पहिल्या शंभरच्या जवळपास दुप्पट होतो. ज्या घराचं बिल आजवर ऐंशी-नव्वद युनिटांत बसत होतं, ते गाडी आल्यावर वरच्या टप्प्यात जातं. तो चढा दर धरला तरी खर्च सहाशेच्या आत राहतो आणि महिन्याला दोन हजारांवर उरतात. मात्र यातले काही बाजूला टाकायलाच हवेत. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचा असतो आणि वॉरंटी संपल्यावर तो खर्च पुन्हा दारात उभा राहतो.

हे गणित रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याचं. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्यानं लाखाच्या घरातली स्कूटर घेतली, तर वाचलेल्या पेट्रोलमधून ती फिटायला वर्षानुवर्षं जातात. त्याच्यासाठी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी असलेली सायकल पुरते. ती भरायला अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते, म्हणजे चढ्या दरानंही पाच रुपयांच्या आत. पायडल मारत गेलं तर तेवढ्यात पंचवीस-तीस किलोमीटर सहज जाता येतं. बॅटरी संपली तरी ती सायकलच असते, ढकलत न्यावी लागत नाही.

कायद्याची मोठी सूटही या सायकलीला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जिची मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आहे, जिची मदत ताशी २५ किलोमीटरला तुटते आणि पायडल थांबताच बंद होते, ती सायकल मोटार वाहन ठरत नाही. चाचणी संस्थेचा दाखला असलेल्या अशा सायकलीला नोंदणी लागत नाही, विमा लागत नाही, चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही.

शाळकरी मुलींसाठी ही सूट मोलाची आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल, त्यापुढं एसटी, अशी ती ढोबळ विभागणी. बस चुकली की मुलगी घरी राहते किंवा भावाच्या मोटारसायकलवर तिसरी बसते. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती स्कूटर दिली आणि काही घडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो. पायडलला मदत करणारी सायकल मात्र त्या वयातही कायद्यानं चालवता येते. पाच किलोमीटरची मर्यादा तिनं दहावर नेता येईल. वाघाचा वावर असलेल्या रस्त्यावर संध्याकाळ व्हायच्या आत घर गाठणं ही तर इथल्या आईबापांची रोजची काळजी. तिथं वाचलेली वीस मिनिटं मोजायलाच हवीत.

घरच्या वापरासाठी मात्र दुकानातून आणलेली ई-सायकल जशीच्या तशी चालत नाही. मोटारसायकलला मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी नियमानंच सक्तीची आहे. साडीचा पदर आणि लेकराचा पाय वाचतो तो तिच्यामुळं. सायकलीला असा नियम नाही, म्हणून पहिली सुधारणा ही जाळी. दुसरी, मजबूत कॅरिअर. शहरी ई-सायकलीच्या नाजूक कॅरिअरवर तांदळाचं पोतं किंवा पोर बसवायचं नसतं. तिसरी, दूरवर उजेड टाकणारा दिवा आणि मागं लाल परावर्तक. या तिन्ही गोष्टी गावातला वेल्डिंगवाला आणि सायकल दुकानदार करू शकतात, आणि त्यांत बेकायदा काहीच नाही.

गडबड होते ती दुसऱ्या प्रकारच्या सुधारणेत. ‘लायसन लागत नाही’ म्हणून गाडी विकायची आणि मग कंट्रोलरची एक वायर तोडून तिचा वेग वाढवून द्यायचा, हा धंदा इतका बोकाळला की मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाला अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली. वायर तुटली की सूटही तुटते. गाडी मोटार वाहन ठरते, तेही नोंदणी नसलेलं आणि विमा नसलेलं. धडक बसली तर भरपाई घरातून जाते. शिवाय २५ च्या वेगासाठी बनवलेले ब्रेक ४५ वर तेवढ्याच अंतरात गाडी थांबवत नाहीत. चीननं हीच डोकेदुखी ओळखून २०२४ मध्ये मानक बदललं आणि वेगमर्यादा सहज तोडता येणार नाही अशी रचना उत्पादकावर बंधनकारक केली. आपल्याकडं दंडाची पावती ग्राहकाच्या हाती पडते, वायर तोडून देणारा मात्र नामानिराळा राहतो.

जुन्या गाडीचं रूपांतर करणाऱ्यांसाठी कायदेशीर वाटही आहे. ठाण्याच्या ‘गोगो ए-वन’ कंपनीनं २०२१ मध्ये हिरो स्प्लेंडरसाठी मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट बाजारात आणलं. किंमत ३५ हजारांच्या आसपास, बॅटरी वेगळी. रूपांतरानंतर आरटीओकडं नोंद करावी लागते. जुन्या काळ्या सायकलीला हब मोटर बसवणं त्याहून स्वस्त, पण त्यातल्या खाचाखोचा जाणणारा कारागीर हवा. मोटरचा आस चिमट्यात फिरू नये म्हणून वेगळी लोखंडी पट्टी लावावी लागते, नाहीतर आस फिरून वायरच पिळून तुटतात. चाकाच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत सैल होतात, त्या पुन्हा आवळाव्या लागतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुने दांड्याचे ब्रेक. स्टीलच्या ओल्या रिमवर ते पावसाळ्यात नुसते घसरतात. ते बदलल्याशिवाय मोटर बसवूच नये.

देखभालीचा विषय निघाला की चंद्रपूरची हवा आडवी येते. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि इथं मे महिन्यात पारा तिथंच असतो. दुपारी उन्हातून आलेली गाडी टिनाच्या छपराखाली लगेच चार्जिंगला लावणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य आपल्या हातानं कमी करणं. ती सावलीत थंड होऊ द्यावी, रात्री चार्ज करावी, उन्हाळ्यात पूर्ण भरून दिवसेंदिवस ठेवू नये. पावसाळ्याची कथा वेगळी. बॅटरीवर आयपी६७ लिहिलं असेल, तर ती मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरते असा त्याचा अर्थ. पण कंट्रोलर, डिस्प्ले आणि वायरींचे जोड तेवढे पक्के असतीलच असं नाही. रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये, हा नियम पेट्रोलच्या गाडीला होता, तो हिलाही आहे. वीज कडाडायला लागली की चार्जर प्लगमधून काढावा.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि जवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला. काही दिवसांनी तो गेला. त्याच सालच्या आगींच्या घटनांनंतर केंद्रानं एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक केलं. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. पण ते नोंदणी होणाऱ्या गाड्यांसाठी आहे. सायकलीसाठी जोडजाड केलेली, कुठून तरी मागवलेली बॅटरी त्यातून निसटते. म्हणून घरात चार्ज करताना झोपायची खोली आणि बाहेर पडायचा दरवाजा या दोन जागा टाळाव्यात, आणि चार्जर मूळचाच वापरावा.

हे सगळं सांभाळायला जवळ माणूस लागतो. मोठ्या कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. एका फ्यूजसाठी गाडी टेम्पोत घालून न्यावी लागली, की महिन्याभराची बचत त्यात जाते. सावलीला स्वतःचं हत्यार स्वतः दुरुस्त करण्याची परंपरा नवी नाही. खादीकामाचं हे जुनं केंद्र, आणि १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथंच भरलं होतं. गांधीजी सरसकट यंत्रविरोधी नव्हते. १९२४ मध्ये त्यांनी सिंगरच्या शिलाई यंत्राचा उघड अपवाद केला होता, कारण ते माणसाचे कष्ट हलके करतं, माणसाला हटवत नाही. मोटर लावलेली सायकल त्या कसोटीला उतरते. फक्त ती उघडून बसणारा कारागीर गावातच हवा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा ट्रेड आता उपलब्ध आहे. त्यात स्कूटरबरोबर सायकलीच्या हब मोटरचं कामही शिकवायला हवं.

पैशाचं काय? केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली, पण दुचाकींतलं तिचं अनुदान नोंदणी होणाऱ्या गाड्यांपुरतंच ठेवलं गेलं. नोंदणी नको ही सायकलीची सगळ्यात मोठी सोय, आणि नेमकी त्याच कारणानं ती मदतीतून बाहेर. हे अटळ नाही. दिल्ली सरकारनं एप्रिल २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ई-सायकलींना प्रत्येकी साडेपाच हजार रुपयांपर्यंत, त्यातल्या पहिल्या हजारांना आणखी दोन हजार आणि मालवाहू ई-सायकलींना १५ हजारांपर्यंत अनुदान जाहीर केलं होतं. महानगराला जे सुचलं, ते जंगलपट्ट्याला का नको?

चंद्रपूरच्या जिल्हा नियोजन समितीकडं नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते. त्यातून आणि मानव विकासच्या निधीतून सावली तालुक्यातल्या दोन-तीन शाळांपुरता एक प्रयोग करता येईल. शाळेपासून पाच ते दहा किलोमीटरवर राहणाऱ्या आठवीच्या पुढच्या मुली आणि त्याच गावांतल्या आशाताई यांना चाचणीचा दाखला असलेल्या सायकली द्याव्यात. खरेदीच्या अटीत तीन वर्षांची बॅटरी वॉरंटी, मागच्या चाकाची जाळी आणि तालुक्यातच दुरुस्ती या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. चार्जिंगची सोय वर्गाबाहेर, पक्क्या छपराखाली करावी. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेल्यावर किती सायकली चालत्या राहिल्या आणि किती मुली बारावीपर्यंत टिकल्या, हे जिल्हा परिषदेनं जाहीर करावं, म्हणजे पुढच्या तालुक्याची खरेदी त्या आकड्यांवरून ठरवता येईल.