एका मिलिमीटरमध्ये तीन भुंगेरे!

दोस्तांनो, कंपासपेटीतली पट्टी काढा बरं. एका सेंटिमीटरचे दहा भाग दिसतात ना? त्यातला एक भाग म्हणजे एक मिलिमीटर. आता सांगा, एवढ्याशा जागेत तीन भुंगेरे एकामागे एक उभे राहतील का?

"काहीतरीच काय!" म्हणाल. पण असे भुंगेरे खरंच आहेत. त्यांच्या प्रजातीचं नाव स्किडोसेला. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात सापडलेल्या नमुन्यांवरून हॉल या शास्त्रज्ञाने १९९९ साली तिचं वर्णन केलं. बुरशी हेच यांचं घर आणि बुरशी हेच जेवण!

हा भुंगेरा ओळखायचा कसा? लांबट अंडाकृती अंग, पिवळसर तपकिरी रंग आणि दहा भागांच्या मिशा. एकट्या रंगावर जाऊ नका हं, तसे रंग पुष्कळ किड्यांचे असतात. सगळ्या खुणा जुळायला हव्यात आणि मिशांचे भाग मोजायचे तर सूक्ष्मदर्शकच हवा.

पण याची नेमकी लांबी किती? पहिले नमुने काचपट्टीवर पक्के बसवलेले होते. त्यांच्यावरून अचूक माप मिळेना. मग फेब्रुवारी २०१५ मध्ये अलेक्सी पोलिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात, चिकाके उद्यानातल्या बुरशीवरून हे भुंगेरे गोळा केले. सूक्ष्मदर्शकातून फोटो काढून संगणकावर एकेक मोजला. एक नाही, दोन नाही, तब्बल ८५! त्यातला सर्वांत छोटा भरला ०.३२५ मिलिमीटर.

मग हाच जगातला सर्वांत छोटा कीटक का? थांबा! एका गांधीलमाशीच्या भाईबंदातला नर फक्त ०.१३९ मिलिमीटरचा असतो. पण तो वाढतो दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, त्याच्याच जिवावर. म्हणून आपल्या भुंगेऱ्याचा विक्रम आहे 'स्वतंत्रपणे जगणाऱ्या कीटकांत सर्वांत छोटा' असा. एका शब्दाने केवढा फरक पडला पाहा!

तेव्हा यापुढे कुणी 'सर्वांत मोठा', 'सर्वांत छोटा' असं म्हणालं, की तीन प्रश्न विचारायचे. कुणी मोजलं? कशाने मोजलं? आणि कुणाकुणात मोजलं?

पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर बुरशी दिसली, तर आई-बाबांना सोबत घेऊन भिंगातून जरूर बघा. बुरशीला हात मात्र लावायचा नाही आणि तोंडात तर मुळीच घालायची नाही. एखादा धुळीचा कण चालायला लागला, तर वहीत टिपून ठेवा!