ह्यांचे केस आणि आमचं हसू

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. मजकूर चारच ओळींचा. "नवऱ्याचे केस झपाट्यानं गेले. हेअर ट्रान्सप्लांट करून घ्यायचं म्हणतात. मुलांच्या शिक्षणाचे पैसे त्यात घालावेत का? चारचौघींत विचारायची लाज वाटते, म्हणून तुम्हांला विचारते."

पत्र मी दोनदा बाजूला ठेवलं. कारण उत्तर आमच्याच घरातलं होतं. शेवटी ह्यांना विचारलं, "आपलं लिहू का?" पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "लिही. पण लोकांना हसायला येईल असं लिहू नकोस."

हसणं आमच्याकडे पुष्कळ होऊन गेलेलं होतं. बत्तिसाव्या वर्षापासून ह्यांचं कपाळ मागे मागे सरकू लागलं. सासूबाई म्हणायच्या, "कपाळ मोठं, नशीब मोठं." धाकटे भाऊजी संध्याकाळी दिवा लावला की म्हणायचे, "दादा आला, चांदणी चौक उजळला!" आम्ही भऱ्याला राहतो. पुण्याला जायचं म्हणजे पिरंगुट, भुकूम, भूगाव करत चांदणी चौकातूनच जावं लागतं. त्यामुळे तो चौक आला की गाडीत कुणीतरी ह्यांच्या डोक्याकडे बघायचंच. मीही मागे नव्हते. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर "आमच्याकडे कंगव्याचा खर्च नाही" असं मी म्हटलेलं आहे. हे आतल्या खोलीत होते.

मग एका दिवाळीआधी, धुण्याचे कपडे तपासताना पँटच्या खिशात कागदाची एक पुडी सापडली. औषधाची असेल म्हणून उघडली, तर आत केस. पुडीवर पेनानं लिहिलेलं, ८७. कपाटात ह्यांच्या फायलींमागे आणखी पुड्या होत्या. ९४, ११२, १०१, तारखांसकट. ह्यांनी वर्षभर रोज माझ्याआधी उठून अंथरुणं काढायला सुरुवात केली होती, आणि मी शेजारणीला कौतुकानं सांगत होते की आमचे हे घरकामात मदत करतात! हे उशीवरचे केस वेचत होते.

त्या दिवशी मला पोळ्या नीट लाटता आल्या नाहीत.

केसांचं दुःख बायकांना वेगळं सांगायला नको. आपल्याच समाजात विधवेचं केशवपन होत असे. सासूबाईंनी लहानपणी अशी एक आत्या पाहिली होती, अलवण नेसून माजघरात बसणारी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत न्हावी बांधवांना एकत्र करून ह्या कामाला नकार द्यायला लावला, हे मी शाळेत मुलांना शिकवते. बाईच्या डोक्यावरचे केस गेले की तिच्याकडे बघणाऱ्यांची नजर कशी बदलते ते शिकवताना माझा आवाज जड होतो. आणि घरातल्या माणसावर मात्र मी विनोद करत होते. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही, मुळीच नाहीत. पण पुड्या पाहिल्यावर मला ती माजघरातली आत्या आठवली, एवढं खरं.

उपाय सगळे झाले होते. माका, ब्राह्मी, जास्वंद घालून कढवलेलं खोबरेल झालं. कांद्याचा रस झाला, त्याचा वास दोन दिवस गेला नाही. तिरुपतीला जाऊन मुंडण केलं, की केस दाट येतील. (येत नाहीत. कापलेल्या केसाचं टोक बोथट होतं, म्हणून तो जाड वाटतो, एवढंच.) हेल्मेटनं केस जातात म्हणून सासूबाईंनी हेल्मेट लपवूनही ठेवलं होतं. हेल्मेटनं टक्कल पडत नाही, मैत्रिणींनो. हेल्मेट असू द्या.

मग पुण्यातल्या एका सेंटरची जाहिरात आली आणि हे मला न सांगता तिथे जाऊन पाच हजार आगाऊ भरून आले. 'एका दिवसात पाच हजार केस, आज बुक केल्यास सूट.' पावती माझ्या हाती लागली तेव्हा मी रागावले नाही, दुसऱ्या खेपेला बरोबर गेले. थंडगार खोली, भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो. पांढरा कोट घातलेली एक मुलगी ह्यांच्या कपाळावर पेनानं रेघ ओढू लागली. मी विचारलं, "शस्त्रक्रिया कोण करणार?" ती म्हणाली, "डॉक्टर असतात." मी म्हटलं, "त्यांचं नाव? शिक्षण?" ती म्हणाली, "टीम आहे, मॅडम." तेच उत्तर तीनदा मिळालं. आम्ही उठलो. पाच हजार परत मिळाले नाहीत. हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी का उठले ते सांगते. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईत त्रेचाळीस वर्षांचे एक व्यावसायिक असं रोपण करून घेऊन दोन दिवसांत दगावले होते. एकाच प्रदीर्घ बैठकीत हजारोंनी केस लावले होते, आणि औषधाची तीव्र ॲलर्जी आली असावी असा डॉक्टरांचा संशय होता. असं क्वचितच होतं. पण झालंच तर तिथल्या तिथे सावरणारा डॉक्टर आणि साधनं हवीत ना? पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही बजावलं, की ह्या शस्त्रक्रियेची जबाबदारी रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच आहे. यूट्यूबवर पाहून किंवा एखाद्या कार्यशाळेत बसून ती शिकता येत नाही, मदतनिसांनी डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करायचं, आणि अडचण आली तर रुग्णाला सांभाळण्याची सोय तिथे हवी.

नंतर आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पुड्यांची हकीकत ऐकून घेतली आणि अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज पन्नास ते शंभर केस कुणाचेही गळतात. तुमचा ८७ चा आकडा तर साधाच. किती गेले ह्यापेक्षा त्या जागी येणारा नवा केस बारीक येतोय का, ते बघायचं. मोजणी आजपासून बंद."

त्यांनी जे समजावलं ते थोडक्यात असं. पुरुषांच्या शरीरातल्या डीएचटी नावाच्या द्रव्यामुळे कपाळावरची आणि टाळूवरची केसांची मुळं हळूहळू आक्रसतात. हा स्वभाव आनुवंशिक, आणि तो आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही. (आमच्याकडे सासूबाईंच्या भावाला टक्कल, म्हणून दोष त्यांच्या माहेरावर होता. तो निम्मा तरी उतरला.) मानेवरच्या मागच्या केसांना मात्र हे द्रव्य फारसं काही करत नाही. ते केस पुढे आणून लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइच यांनी १९५२ पासून ह्याच तत्त्वावर रोपणं केली. म्हणजे नवे केस निर्माण होत नाहीत, आहेत तेच इकडचे तिकडे. आणि मागचा साठा काही अक्षय पात्र नव्हे, एकदा उधळला की संपला.

आमच्या मुळशीत हे कळायला सोपं आहे. भाताची रोपं एका वाफ्यात दाट वाढवायची, उपटायची आणि खाचरात लावायची. रोपं जितकी, तितकीच लावणी.

आधी औषध, असं बाईंनी ठरवलं. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल आणि पोटात फिनास्टराइडची गोळी. गळती थांबते का ते वर्षभर पाहायचं. गोळीनं काही थोड्या पुरुषांची कामेच्छा कमी होते, हे त्यांनी आम्हां दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. ते मला आवडलं. औषधं चालू असेपर्यंतच गुण टिकतो, रोपणानंतरही ती बहुधा चालूच ठेवावी लागतात. नाहीतर लावलेले केस राहतात आणि भोवतीचे जातात.

इथे घरातल्या बायकांसाठी एक सूचना. दिवस गेलेल्या किंवा जाण्याची शक्यता असलेल्या बाईनं फिनास्टराइडची तुटलेली, कुटलेली गोळी हाताळू नये. मुलाच्या गर्भाला त्यापासून धोका असतो. आणि मिनॉक्सिडिलची बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. मांजर पाळलं असेल तर त्याच्यापासूनही लांब. त्याला ते विषासारखं आहे.

त्याच वर्षात, जानेवारी २०२५ मध्ये, बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातली बातमी आली. बोंडगाव आणि आसपासच्या गावांत बायका, पुरुष, मुलं, सगळ्यांचेच केस तीन-चार दिवसांत मुठीमुठीनं हातात येऊ लागले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. लग्नं अडली, मुलं शाळेत जायला लाजू लागली, असंही छापून आलं. हे ती बातमी रोज वाचायचे. डॉक्टर बाई म्हणाल्या, तो प्रकार वेगळा, तुमचा वेगळा. अचानक, सगळीकडून केस जात असतील तर तेल लावत बसू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा. एका रात्री हे म्हणाले, "त्या गावात कुणी कुणाला हसत नसेल." मी काही बोलले नाही.

जूनअखेर रोपण झालं. सकाळी आठ ते संध्याकाळी चार. डोकं भादरलं, जागा बधिर करायची इंजेक्शनं दिली (दुखलं ते एवढंच, असं हे म्हणतात), मग मागून एकेक मूळ बारीक नळीसारख्या अवजारानं काढून थंड द्रावात ठेवलं आणि पुढे लावलं. असे एकोणीसशे ग्राफ्ट. एका ग्राफ्टमध्ये एकापासून चारपर्यंत केस असतात. मधे इडली खायला सुट्टी. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर शेवटपर्यंत तिथेच होते. मी दारात पिशवी घेऊन बसले होते, उठून जाताना दिसले असते.

खर्च एक लाखाच्या आसपास आला. हे पैसे पडवीवर पत्रे घालायला ठेवले होते, त्यांत माझं शाळेचं मानधन होतं. विमा ह्याला लागू होत नाही. शोभेची शस्त्रक्रिया, असं म्हणतात.

घरी काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. पहिल्या रात्री डोकं उंच ठेवून, पाठीवर झोपवायचं. मी दोन उशा आणि गुंडाळलेलं पांघरूण दिलं. सलाईनचा फवारा सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्या दिवशी कपाळ आणि पापण्या सुजल्या, तेव्हा सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. ही सूज उतरते, आम्हांला आधीच सांगितलं होतं. पण पू, ताप, वाढत जाणारं दुखणं असेल तर वाट बघू नये. खपल्या नखानं काढायच्या नाहीत, आणि हेल्मेट कधीपासून घालायचं ते डॉक्टरांना विचारायचं. तोवर मोटारसायकल बंद. हे पिरंगुटच्या कंपनीत शेजाऱ्याच्या गाडीतून, सैलसर टोपी घालून गेले.

आणि मग तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळू लागले. मूळ आत राहतं, वरचा केस पडतो, तीन-चार महिन्यांनी नवा उगवतो, हे कागदावर छापून दिलेलं होतं. पण कागद वेगळा आणि उशी वेगळी. सकाळी हे उशीकडे बघत बसून होते. बाहेर मुळशीचा पाऊस, पडवीत गुडघ्याएवढ्या बादल्या मांडलेल्या, कारण पत्रे घातलेच नव्हते. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, ते बोलायचं नाही म्हणून मी चहा टाकायला गेले.

सासूबाई आत आल्या. त्यांनी उशी बघितली, ह्यांचं डोकं बघितलं. म्हणाल्या, "अरे, लावणी झाल्यावर रोप पिवळं पडतंच की. आठ-दहा दिवस खाचर मेल्यासारखं दिसतं. मुळं धरली की हिरवं होतं. तू कधी आवणाला आलाच नाहीस, तुला काय माहीत!" मी कपबशी घेऊन आले तेव्हा हे हसत होते. कित्येक महिन्यांनी.

कार्तिकात कपाळावर बारीक लव दिसू लागली. आता आठ महिने झालेत. पुढची बाजू भरली आहे, थोडी विरळ, पण वयाला शोभेल अशी. टाळू मागे तशीच मोकळी आहे. ती डॉक्टरांनी मुद्दामच सोडली, साठा राखून. पूर्ण चित्र वर्षानं दिसतं.

तर पत्र लिहिणाऱ्या भगिनी, मुलांच्या शिक्षणाचे पैसे घालू नका, असंच मी सांगेन. आधी त्वचारोगतज्ज्ञ, मग औषध, मग निराळे पैसे साठले तर रोपण. हे काही उद्याच करायचं ऑपरेशन नाही. पंचविशीच्या आतल्या मुलाला तर कुणी घाई करत असेल तर तिथून उठाच, कारण त्याचे केस कुठवर जाणार हे अजून ठरलेलंच नसतं. आमचे पैसे वाया गेले का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पडवी गळते. हे लग्नाच्या फोटोत पुढच्या रांगेत उभे राहतात.

धाकट्या भाऊजींनाही आता टोपी लागू लागली आहे. सव्विसावं वर्ष. परवा जेवताना माझी लेक त्यांना म्हणाली, "काका, चांदणी चौक!" ह्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि भाऊजींच्या पानात भाकरी वाढली. जेवणं झाल्यावर दोघं भाऊ बराच वेळ अंगणात बोलत होते. काय ते मी विचारलं नाही.

पापडखाराच्या प्रमाणाबद्दल तीन पत्रं आली आहेत, त्याचं उत्तर पुढच्या अंकात.