संकुलाच्या आराखड्यात कुस्तीचा फड हवा

तालुका क्रीडा संकुलाचा आराखडा समितीपुढे येतो तेव्हा चर्चा होते ती धावपट्टीच्या लांबीची, हॉलच्या उंचीची आणि निधीच्या हप्त्यांची. या जागेवर वर्षातून एकदा तरी सगळा तालुका कशासाठी जमेल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. २००१च्या राज्य क्रीडा धोरणाने तालुक्यापर्यंत संकुले नेण्याचे ठरवले आणि ते योग्यच होते. पण बांधकाम झाले म्हणजे मैदान नांदते झाले, असे होत नाही. फुलंब्रीसारख्या तालुक्यात, जिथे कुस्ती जत्रेच्या आधाराने टिकली आहे, तिथे मातीच्या फडाला संकुलात मानाची जागा मिळाली पाहिजे, असे आमचे मत आहे.

नुसत्या मैदानाने खेळ टिकत नाही, याचे एक दूरचे उदाहरण पाहा. कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर उतुआदो गावाजवळ काग्वाना नावाचे स्थळ आहे. ताइनो लोकांनी तेथे सुमारे सातशे वर्षांपूर्वी डोंगराळ भागात सपाट पटांगणे तयार केली आणि त्यांच्या कडेने कोरीव आकृत्यांच्या शिळा उभ्या केल्या. याच पटांगणांवर रबरी चेंडूचा खेळ रंगे आणि इथेच सामूहिक नाच-गाणी व सोहळेही होत. १९१५मध्ये जॉन आल्डेन मेसन यांनी तेथे उत्खनन केले. त्याच बेटावरच्या पोन्सेजवळील तिबेस येथील पटांगणे तर १९७५च्या वादळी पुरानंतर उजेडात आली. स्पॅनिश राजवटीत सक्तीची मजुरी आणि साथीचे रोग यांनी ताइनो समाज मोडला आणि त्याबरोबर खेळही गेला. यात पटांगणांचा काही दोष नव्हता. पण खेळवणारा समाज पाठीशी नसेल तर पक्क्यातले पक्के मैदानही खेळ जगवू शकत नाही, एवढे त्यावरून दिसते.

आपल्याकडे नेमके उलटे घडले आहे. जत्रेच्या फडाला ना भिंत ना छप्पर. काळ्या मातीच्या पट्ट्यात लाल माती बाहेरून आणायची, ती चाळून त्यात ताक, तेल, हळद मिसळायची, हलगी वाजवायची आणि रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात करायची. पंच जोड लावतात, इनाम पुकारले जाते आणि शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत माणूस जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे काही उरत नाही, तरी पुढच्या वर्षी फड पुन्हा भरतो, कारण तिथी ठरलेली असते आणि वर्गणी गावाची असते. या परंपरेला कायमची वास्तू देता येते, हे राजर्षी शाहू महाराजांनी दाखवून दिले. १९०२च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. मधला आखाडा उंच आणि भोवती उतरती बैठक, त्यामुळे हजारो प्रेक्षकांना कुठूनही कुस्ती दिसते. १९१२मध्ये तेथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली.

यावर पहिला आक्षेप येतो तो मॅटचा. आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवर होते, मग मातीवर खर्च का करायचा? हा आक्षेप वजनदार आहे. मातीत घडलेल्या खाशाबा जाधवांना १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅट आणि तिथले नियम नवखे होते. १९५२मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. म्हणून मॅट हवीच. पण १९६१मध्ये फुलंब्रीजवळच्याच, तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आजही माती आणि गादी असे दोन्ही विभाग आहेत. मुलगा आखाड्याकडे वळतो तो गावची कुस्ती पाहून, मॅट त्याच्या वाट्याला पुढे येते. दुसरा आक्षेप असा की, जत्रा धार्मिक आहे आणि संकुल सर्वांचे. त्याचे उत्तर खासबागेच्या १९१२च्या त्या जोडीतच आहे. फडात बघितला जातो तो डाव. तिसरा आक्षेप मात्र आम्हाला मान्य आहे. तालमीच्या मातीत मुलींना पाऊल टाकू न देण्याची रीत होती आणि ती संकुलात मुळीच आणता कामा नये. २०२३मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, त्यामुळे आता सबबीला जागा नाही.

म्हणून समितीवरील क्रीडाशिक्षकांनी आणि प्रशिक्षकांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. मॅटच्या हॉलशेजारी मातीचा हौद आणि त्याभोवती उतरती बैठक आराखड्यातच असावी. जत्रा समित्यांशी बोलून तालुक्याच्या कुस्त्यांची एक तिथी कायमची ठरवावी. आणि त्या दिवशी मुलींच्या कुस्त्या मुख्य कार्यक्रमात लावाव्यात. आराखड्यावर सही होण्याआधी हे झाले पाहिजे. काँक्रीट पडल्यानंतर हौदासाठी जागा मागण्यात अर्थ नाही.