कचेरी पेठेत, नांगर शिवारात
(महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतील नागरिकांसाठी पत्रक)

तालुक्याचे गाव विस्कटायला सुरुवात होते ती तहसील कचेरी हलण्यापासून. जुनी इमारत गळते, साहेबांच्या गाडीला जागा नाही, रेकॉर्डरूममध्ये वाळवी लागली आहे. मग बायपासला नवे प्रशासकीय भवन उभे राहते. मागोमाग कोर्ट जाते, दुय्यम निबंधक जातो, पंचायत समिती जाते. त्यांच्या पाठोपाठ मुद्रांकविक्रेते, झेरॉक्सवाले, वकिलांच्या खोल्या आणि चहाच्या टपऱ्या निघतात. तारखेला आलेला पक्षकार पूर्वी जाता जाता पेठेत लेकीसाठी साडी घेई, आळीत कुकरचे शिटी-रबर बदलून घेई. आता तो बायपासवरूनच परतीची वडाप पकडतो. प्लॉट पाडणाऱ्या एजंटांना सगळे शिव्या घालतात, पण ते नंतर येतात. गावाबाहेरच्या शेतात पहिली कुदळ बहुतेक वेळा सरकारच मारते.

म्हणून या पत्रकाची मागणी आधी सरकारकडे आणि नगरपरिषदेकडे आहे. लोकांचा रोजचा संबंध येणारी कार्यालये गावात ठेवा, पेठ दुरुस्त करा, गावाला लागून आणि आखून वाढा, आणि त्यापलीकडचे शिवार शेतीला राहू द्या.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच महामार्गावर दिसतात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. त्याचे मुख्यालय सावंतवाडी, कुडाळ, मालवण अशा नांदत्या गावांत न ठेवता ओरोसला नवे नगर वसवून तिथे न्यायचे ठरले. जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली, न्यायालय आले, रुग्णालय आले. चार दशके उलटली, तरी कचेऱ्यांभोवती पेठ काही उभी राहिली नाही. घसघशीत खरेदीसाठी लोक आजही कुडाळ किंवा कणकवली गाठतात. नगररचनेच्या कागदावर रस्ते आणि सेक्टर आखता येतात. उधारीची वही, ओळखीचा सोनार आणि आठवडी बाजाराची सवय मात्र अधिसूचना काढून आणता येत नाही.

तिथून दक्षिणेला सावंतवाडी. मुंबई-गोवा महामार्ग झाराप-पत्रादेवी मार्गाने गावाबाहेरून गेला, तेव्हा आता बाजार बसणार अशी धास्ती होती. सावंतवाडीचा बाजार टिकला, कारण गाव मोतीतलावाभोवती दाटीने बसलेले आहे. राजवाडा, बाजारपेठ आणि लाकडी खेळण्यांची चितारआळी हे सगळे चालण्याच्या टप्प्यात येते. लाकडी केळी-आंबे, भातुकली आणि रंगीत पाट घ्यायला आलेला माणूस त्याच फेरीत काजू घेतो, कोकम घेतो, कुठेतरी जेवतो. मोठी वाहने बाहेरून गेली आणि गिऱ्हाईक आत राहिले. बायपास ट्रकसाठी करावा, गावासाठी करू नये, एवढा धडा यातून घेता येतो.

कचेरी लांब गेली की सगळ्यात जास्त भुर्दंड कोणाला पडतो, तेही पाहावे. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. श्रावणबाळ योजनेची पेन्शन घेणारी एखादी आजी हयातीचा दाखला द्यायला वाडीवरून निघते आणि स्टँडपर्यंत फुकट येते. कचेरी मात्र स्टँडपासून अडीच-तीन किलोमीटरवर. ती रिक्षा करते. तिथे कळते की आधारची झेरॉक्स राहिली आणि फोटो जुना आहे. फोटोचे दुकान पेठेत, म्हणजे पुन्हा रिक्षा, पुन्हा कचेरी, आणि साहेब जेवायला गेलेले. एका सरकारी खात्याने दिलेली सवलत दुसऱ्या सरकारी खात्याने निवडलेल्या जागेमुळे अशी रिक्षाभाड्यात जिरते. पार्किंगच्या नावाखाली हलवलेल्या कचेरीचा खरा हिशेब मोटारवाल्यांकडून मागू नये, तो या आजीकडून घ्यावा.

दुसरा हिशेब पाइपचा. समजा, पेठेतल्या एका गल्लीची लांबी तीनशे फूट आहे आणि प्रत्येक घराची रुंदी पंधरा फूट. दोन्ही बाजूंना मिळून चाळीस घरे होतात. आता बायपासलगत चाळीस फुटी प्लॉट पाडले, तर त्याच तीनशे फुटांत दोन्हीकडचे मिळून चौदा प्लॉट बसतात. त्यातले निम्मे भाव वाढण्याची वाट पाहत रिकामे पडलेले. म्हणजे तेवढीच पाइपलाइन, तेवढेच गटार आणि तेवढेच दिवे एकीकडे चाळीस घरांसाठी आणि दुसरीकडे सात घरांसाठी. घंटागाडीला फेरी तेवढीच पडते, डिझेल तेवढेच जळते. पट्टी मात्र सातच घरांची जमा होते. नगरपरिषदेला पाणीयोजना का परवडत नाही आणि नळाला दिवसाआड पाणी का येते, याचे एक मोठे उत्तर या गल्लीत आहे.

रीतसर मंजूर अभिन्यासाची ही गोष्ट झाली. गुंठेवारीची कथा याहून वाईट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. एकरात असे चाळीस. जमिनीचे तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७चा कायदा आहे. तो धाब्यावर बसवून नोटरीच्या कागदावर गुंठे विकले गेले. मग २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. त्यात १ जानेवारी २००१ ही मुदत होती. २०२१च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२०वर नेली. गरिबाचे घर कायदेशीर झाले पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण मुदत दर वेळी पुढे सरकते, हे प्लॉट पाडणाऱ्याला पाठ झाले आहे. आधी विका, रस्ता-गटार पुढे सरकार बघेल, हा त्याचा धंदा. सांगलीतल्या शामरावनगरने हे भोगले आहे. सखल भाग, काळी माती, उताराचा विचार न करता वाढलेली गुंठेवारी. पावसाळा आला की पाणी तुंबते आणि लोक चिखलातून वाट काढतात. पूर्वी पाणी जिथे मुरायचे, तिथेच माणसे राहायला आली.

शिवार मोकळे ठेवायचे ते नुसत्या डोळ्यांना गार वाटावे म्हणून नव्हे. ओढा तिथून वाहतो, विहिरीला पाझर तिथून मिळतो, मंडईत येणारी मेथी आणि वांगी तिथली असतात. मधल्याच एका रानात प्लॉट पडले की शेजाऱ्याचा पाट तुटतो, बैलगाडीच्या वाटेवर कुंपण येते, आणि पंधरा सेप्टिक टँकांच्या शेजारी त्याची विहीर उरते. त्याला विकायचे नसले, तरी वैतागून विकावे लागते.

यावर शेतकऱ्याचा सवाल रास्त आहे: शहरवाल्यांना हिरवे बघायला आवडते म्हणून माझ्या जमिनीला भाव मिळू नये काय? भाव मिळालाच पाहिजे. आज मिळतो तो बहुतेकदा एजंटाला. एकरावर घेतलेली जमीन तो गुंठ्यावर विकतो आणि मधला फरक खिशात घालतो. याला पर्याय कायद्यातच आहेत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन अकृषिक मानण्याची तरतूद जमीन महसूल संहितेत आहे. वाढ तिथून सुरू व्हावी. त्यापुढे नगररचना योजना आहे. ती मुंबई इलाख्याच्या १९१५च्या कायद्यापासून आपल्याकडे आहे आणि १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातही आहे. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, मैदान आणि बागेची जागा काढायची, आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांत ज्याची त्याला परत द्यायची. शेतकरी मालक राहतो आणि वाढलेल्या किमतीत त्याचा वाटा असतो. नगरपरिषदेलाही रस्ता हातात मिळतो.

पेठेचेही दोष आहेत. ते झाकून तिची बाजू घेता येणार नाही. पंधरा वारसांच्या वादात अडकलेला वाडा, नाममात्र भाड्यावर राहणारे भाडेकरू, दुरुस्तीला हात न लावणारा मालक, पावसाळ्यात कोसळणारी भिंत हे चित्र प्रत्येक गावात आहे. पण यातले निम्मे दुखणे आराखड्याने लादलेले आहे. अरुंद रस्त्यावर रुंदीकरणाची रेषा मारून ठेवायची, वर्षानुवर्षे रुंदीकरण करायचे नाही आणि त्या रेषेचे कारण सांगून दुरुस्तीचा परवाना अडवायचा. अशाने घर पडेपर्यंत वाट पाहण्याखेरीज मालकाच्या हाती काही राहत नाही. गर्दीच्या पेठेत रस्ता रुंद केला की पदपथ जातो, ओटा जातो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दोन महिन्यांत मोटारी उभ्या राहतात. माथेरानमध्ये खासगी मोटारींना मज्जाव आहे, तरी तिथली बाजारपेठ भरलेली असते. प्रत्येक तालुक्याचे गाव काही माथेरान होणार नाही. पण बाजाराच्या दिवशी मुख्य पेठ चार तास वाहनांना बंद करायला कोणत्याही नगरपरिषदेला नवा कायदा लागत नाही.

भाजीवाल्यांना हुसकावून पेठ सुधारते, हाही गैरसमज टाकून द्यावा. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली आहे आणि तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांपेक्षा कमी नसावेत असे म्हटले आहे. ज्या गावात ही समिती कागदावरच आहे, तिथे अतिक्रमणविरोधी गाडी फिरवण्याआधी तिची बैठक घ्यावी.

आराखडा बदलता येत नाही, असे सांगणाऱ्यांना गोव्याचे उदाहरण द्यावे. २००६ साली तिथे प्रादेशिक आराखडा २०११ जाहीर झाला आणि शेती, डोंगर, बागायतीचे मोठे पट्टे बांधकामाला खुले झाल्याचे लोकांच्या लक्षात आले. गोवा बचाव अभियानाच्या झेंड्याखाली माणसे रस्त्यावर उतरली आणि २००७च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नंतर कायद्यात आडवाटा काढल्या गेल्या आणि तिथली लढाई अजून चालू आहे. तरीही नकाशा वाचणाऱ्या सामान्य माणसांनी सरकारला एकदा थांबवले, हे घडून गेले आहे.

मागण्या पाच आहेत. तहसील, कोर्ट, दुय्यम निबंधक आणि एसटी स्टँड गावातच ठेवावेत; इमारत जुनी असेल, तर त्याच जागी नवी बांधावी. पेठेतल्या रुंदीकरणाच्या रेषांचा फेरविचार करून दुरुस्तीचे परवाने मोकळे करावेत. गावठाणालगतची वाढ नगररचना योजनेने करावी. बायपासच्या दोन्ही बाजूंचा हरित पट्टा तुकड्या-तुकड्याने बदलणे थांबवावे. मंडई, मैदान आणि बाजारतळाची आरक्षणे मुदतीत ताब्यात घ्यावीत, कारण दहा वर्षांत ती घेतली नाहीत तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नोटिशीनंतरच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही, तर आरक्षण उडते.

विकास योजना वीस वर्षांसाठी होते आणि तिच्यावर हरकती घ्यायला तीस दिवस मिळतात. तेव्हा प्रत्येक गावातल्या चार-पाच नागरिकांनी या आठवड्यात नगरपरिषदेत जाऊन विकास योजनेचा नकाशा मागावा. आपली पेठ, आपला ओढा आणि आपले बाजारतळ त्यावर कोणत्या रंगात दाखवले आहेत, ते पाहावे. पटले नाही तर हरकत लेखी द्यावी, आवक क्रमांकासह पोच घ्यावी, आणि सुनावणीच्या दिवशी शेजाऱ्यांना घेऊन हजर राहावे.